न दिलेले उत्तर



‘द प्रिझनर’ ही सतरा भागांची ब्रिटिश मालिका १९६७ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि १९६८ च्या फेब्रुवारीत संपली. पॅट्रिक मॅगूहन तिचा नायक, तिच्यामागचे मुख्य डोके आणि काही भागांचा लेखक-दिग्दर्शकही. एक गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो. घरी सामान भरत असतानाच कुलपाच्या भोकातून गुंगीचा वायू सोडून त्याला बेशुद्ध करतात. शुद्धीवर येतो तो एका अनोळखी गावात. तिथे कोणाला नाव नाही, प्रत्येकाला नंबर आहे. तो नंबर सिक्स. कारभार पाहतो नंबर टू. नंबर वन कोण, हे कोणी सांगत नाही.

चित्रीकरण झाले वेल्सच्या किनाऱ्यावरील पोर्टमेरियन येथे. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ पासून हौसेने वसवलेली ही इटालियन धाटणीची वस्ती. कैदखाना म्हणून असे ठिकाण निवडणे हीच मालिकेची पहिली समज. गजांच्या कोठड्या नाहीत, रंगीत छत्र्या आहेत, बँड वाजतो, ध्वनिक्षेपकावरून गोड आवाजात हवामान सांगतात. पळू पाहणाऱ्याला मात्र एक मोठा पांढरा फुगा गाठतो आणि गुदमरवतो. सगळा छळ आदबीने चालतो. नंबर टूचे काम बहुतेक भागांत नवा नट करतो. माणूस जातो, खुर्ची तशीच राहते.

गावाला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: राजीनामा का दिला, याचे उत्तर. नंबर टूचा हिशेब सरळ आहे. या एका प्रश्नाला तो बोलला की पुढचे सगळे आपसूक बाहेर येईल. तो बोलत नाही. उत्तर फार मोठे गुपित असेलच असे नाही. पण ते त्याचे आहे, आणि द्यायचे की नाही हे तोच ठरवणार. व्यक्तीच्या हक्कांची चर्चा सहसा भाषणस्वातंत्र्यापासून सुरू होते. ही मालिका ती न बोलण्याच्या हक्कापासून सुरू करते, आणि कायदा शिकणाऱ्याने ती पाहावी ती मुख्यतः यासाठी.

या दृष्टीने ‘ए, बी अँड सी’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा. झोपलेल्या नंबर सिक्सला एक डॉक्टर नवे औषध टोचते, आणि त्याची स्वप्ने भिंतीवरच्या पडद्यावर दिसू लागतात. स्वप्नात पॅरिसमधली एक मेजवानी उभी करून तीन संशयितांपैकी एकेकाला त्यात सोडायचे आणि हा कोणाला गुपिते विकणार होता ते पाहायचे, असा बेत. औषध तीनदाच देता येते. सकाळी त्याला आपल्या मनगटावर सुईची खूण दिसते. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तेवढ्यावरून तो माग काढतो, प्रयोगशाळेत शिरतो आणि तिसऱ्या मात्रेत पाणी मिसळून ठेवतो. तिसऱ्या रात्रीचे स्वप्न मग त्याच्या मर्जीने चालते. शेवटी गुपितांचा मानलेला लिफाफा उघडतो तेव्हा त्यातून निघतात प्रवासाची माहितीपत्रके.

हे कल्पनारंजन वाटेल, पण भारतीय न्यायालयांपुढे जवळजवळ हाच प्रश्न आला होता. नार्को चाचणीत संशयिताला औषधाने अर्धवट गुंगीत नेऊन प्रश्न विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली अशा चाचण्या वैध मानल्या होत्या. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीविना केलेली नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा भंग करते. बोलायचे की गप्प राहायचे ही निवड त्या व्यक्तीची, आणि औषध नेमकी तीच निवड काढून घेते. नंबर सिक्सवर गुन्ह्याचा आरोपच नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत २० (३) पेक्षा २१ जवळचे पडते. हा फरक स्वतः कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे.

‘फ्री फॉर ऑल’ हा निवडणुकीचा भाग मॅगूहनने टोपणनावाने लिहिला. नंबर सिक्स नंबर टूच्या जागेवर निवडून येतो, ध्वनिक्षेपकावरून सर्वांना मोकळे झाल्याचे ओरडून सांगतो, आणि गावातला एकही माणूस हलत नाही.

‘चेकमेट’ मात्र दोनदा पाहावा. गावात कैदी आणि पहारेकरी सारखेच दिसतात. नंबर सिक्स त्यांना ओळखण्याची युक्ती काढतो: करड्या आवाजात हुकूम सोडायचा, जो बिचकतो तो कैदी, जो उर्मटपणे उत्तर देतो तो पहारेकरी. या कसोटीवर तो पळून जाण्यासाठी साथीदार निवडतो. माणसांच्या बुद्धिबळात हत्ती झालेला एक कैदी रेडिओ तयार करतो, जहाजाला संदेश जातो, तराफा पाण्यात पडतो. आणि बेत फसतो. फितुरी झालेली नसते. साथीदारांनी त्याचीच कसोटी त्याला लावलेली असते: एवढा हुकमी आवाज, एवढा ताठा, हा पहारेकरीच असणार. स्वतःच्या हक्कासाठी इतका दक्ष असलेला हा माणूस घाबरलेल्यांना दरडावून तपासत होता, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. मालिकेची कीर्ती एकट्या वीराची कथा म्हणून झाली आहे. तिचा खरा प्रामाणिकपणा या भागात आहे.

शेवटचा भाग ‘फॉल आउट’ पाहून त्या काळी ब्रिटिश प्रेक्षक चिडले होते. उत्तरे मिळतील म्हणून ते बसले होते. बुरखाधारी सभा नंबर सिक्सचा सत्कार करते, पारपत्र आणि घराच्या किल्ल्या देते, भाषणाची विनंती करते. तो ‘मी’ म्हणून तोंड उघडतो आणि सभा ‘मी, मी, मी’ असा गजर करून त्याचे बोलणे बुडवून टाकते. नंबर वनचा मुखवटा तो ओढतो तर खाली माकडाचा मुखवटा, त्याखाली त्याचाच हसणारा चेहरा. नंतरची सुटका मशीनगनच्या गोळीबारात होते, आणि ती सहज पचवून घेऊ नये. इथवर जो न बोलण्याच्या बळावर लढला, तो इथे माणसे मारतो. अखेरीस तो लंडनला पोहोचतो. गावातून सोबत आलेला बुटका बटलर त्याच्या घराच्या पायऱ्या चढतो, आणि दार आपोआप उघडते, गावातल्या दारांसारखेच.

— मामा