कॅमेऱ्याची चकती

दिवाळीला मामा आला तेव्हा त्याने त्याचा जुना डिजिटल कॅमेरा आणला होता. मला म्हणाला, "आठ दिवस वापर, पण पाडू नको." कॅमेऱ्यावर एक गोल चकती आहे. तिच्यावर डोंगर, फूल, पळणारा माणूस, चंद्र अशी बारीक चित्रे आहेत. मला वाटले ती शोभेची आहेत. पण समोर काय आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही, ते आपण चकती फिरवून सांगायचे असते.

पहिला फोटो आजीचा काढला. मी घरात होतो, आजी दारात, आणि तिच्या मागे अंगणात लख्ख ऊन. ऊन छान आले पण आजीचे तोंड काळेकुट्ट! आजी म्हणाली, "मी काय तवा हाय का रं?" उजेड जास्त दिसला म्हणून कॅमेऱ्याने प्रकाश कमी घेतला होता. मग मी अंगणात गेलो आणि आजीला माझ्याकडे तोंड करून बसवले. सुरकुत्यासुद्धा दिसल्या.

करडाचा फोटो नुसता फराटा आला. पळणाऱ्या माणसाचे चित्र लावले की कॅमेऱ्याची झडप फार थोडा वेळ उघडते. एका सेकंदाचे ५०० भाग केले तर त्यातला एकच भाग समजा. मग करडू हवेतच थांबले! याला मात्र ऊन पाहिजे. फुलाचे चित्र जवळच्या वस्तूला, डोंगराचे लांबच्या. ते सोपे आहे.

अवघड पुढेच होते. भाऊबीज झाली की आई-अण्णा धाकट्या बाळ्याला घेऊन ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहतो. ट्रॅक्टर पहाटे ५ वाजता येतो, तेव्हा अंधार असतो. मला त्यांचा फोटो पाहिजे होता.

आधी फ्लॅश लावला. त्याचा उजेड तीन-चार मीटरच जातो, आणि ते लांब ट्रॉलीपाशी उभे होते. पुढचे दगड तेवढे उजळले. मग फ्लॅश बंद करून चंद्राचे चित्र लावले. यात झडप बराच वेळ उघडी राहते, कधी कधी पुरा एक सेकंद. तेवढ्यात माझा हात हलला आणि सगळी धुरासारखी आली. ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवायला लागले. मला रडूच आले.

मामा म्हणाला, "हातात धरू नको. टिपाडावर ठेव." बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून त्याने २ सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे लावून दिले. मी ओरडलो, "आई, अण्णा, हलू नका!"

गुरुजींनी नंतर सांगितले, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. त्याला एक फोटो साठवायला २३ सेकंद लागत, तोही काळा-पांढरा. तेवढ्यात आमचा ट्रॅक्टर वेशीपाशी गेला असता.

खाली चिकटवला आहे तोच हा फोटो. अंगणातल्या बल्बमुळे जरा पिवळा आहे. आई-अण्णा स्पष्ट आले आहेत. बाळ्या काही थांबला नाही, त्याला दोन तोंडे आली आहेत.