बेरजेत लपलेला पाऊस

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे ते प्रसिद्ध आहेच; पण पावसाळ्यात तेथील धबधबा पाहायलाही गर्दी होते. आता सांगा, वर्षाचा एकूण पाऊस कळला, तर हा धबधबा कसा वाहिला असेल ते सांगता येईल का?

समजा, एका आठवड्यात रोज 15 मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज 105. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात सहा दिवस कोरडे गेले आणि सातव्या दिवशी एकदम 105 मिलिमीटर कोसळला. बेरीज तीच! पण 105 मिलिमीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर उतारावर साडेदहा कोटी लिटर पाणी. (गुणाकार स्वतः करून पाहा.) ते एका दिवसात आले, तर मुरायला सवड कुठली? धबधबा धो धो पडतो, माती वाहून जाते आणि विहिरीच्या वाट्याला थोडेच येते.

हाच प्रश्न बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर विचारला. त्यांनी नवे उपकरण बसवले नाही. हवामान खात्याच्या 1951 ते 2000 या काळातील रोजच्या नोंदी घेतल्या आणि मध्य भारताची एक चौकट आखली: अक्षांश 16.5 ते 26.5 उत्तर, रेखांश 74.5 ते 86.5 पूर्व. नकाशा उघडा, कपिलधार या चौकटीतच येते. 2006 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मोसमी पावसाच्या सरासरीत ठळक वाढ वा घट नाही. पण दिवसाला 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. एक वाढले, दुसरे घटले, म्हणून बेरजेत काहीच दिसत नव्हते.

एवढी मोठी चौकट कशासाठी? 100 मिलिमीटरचा दिवस एका गावी क्वचितच येतो. चार-दोन घटनांवरून कल ठरवणे म्हणजे नाणे चारदा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या, तरच खरा कल उठून दिसतो.

हा अभ्यास तुम्हीही करू शकता. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर 1901 पासूनचा रोजचा पाऊस चौकोनांनुसार विनामूल्य मिळतो. तो वाचायला संगणक शिकवणाऱ्या सरांची मदत घ्या. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय कोष्टके आहेत, ती सोपी आहेत. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस घ्या. 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेले दिवस मोजा. हवामान खाते अशाच दिवसाला पावसाचा दिवस म्हणते. एक काळजी मात्र घ्या: रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. त्या दिवशी नोंदच झाली नसेल! असे दिवस वेगळे ठेवा. मग प्रत्येक वर्षातील सर्वांत लांब कोरडा खंड शोधा आणि तो पेरणीनंतर किती दिवसांनी आला, हे घरच्या शेतकऱ्याला विचारून शेजारी लिहा.