नित्याच्या व्यवहारातील साक्ष

शास्त्रपाठ : योहान ४:२७-४२, मार्क ५:१८-२०, १ पेत्र ३:१३-१६.



पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे कर्नाळ्याचा सुळका उभ्या अंगठ्यासारखा दुरूनच दृष्टीस पडतो. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र वर चढून गेल्यावाचून दिसत नाहीत. तथापि गडावर राहणाऱ्यांची तहान भागविली ती टाक्यांनी, सुळक्याने नव्हे. आपण ख्रिस्ती लोक साक्ष म्हटली की सुळक्याचा विचार करतो: सभा, भजनीमेळा, मोठ्याने केलेला उपदेश. आजच्या पाठात आपण टाक्याचा विचार करू.

शोमरोनी स्त्रीकडे पाहा. तिने धर्मशास्त्राचा अभ्यास केला नव्हता, व गावात तिला मानही नव्हता. पाण्यास आली असता प्रभू भेटला. तेव्हा घागर तेथेच टाकून ती गावात गेली व आपणास जे घडले तेवढेच तिने सांगितले. लोक तिच्या शब्दावरून आले, परंतु शेवटी त्यांनी स्वतः ऐकून विश्वास धरला. साक्ष देणाऱ्याचे काम कोठे संपते हे येथे स्पष्ट होते. विहिरीपर्यंत वाट दाखविणे आपले काम होय. कोणाच्या तोंडात पाणी ओतणे आपले काम नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पुष्कळांस ठाऊक आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावास चालले होते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. त्याने टिळकांशी आदराने संभाषण केले, काव्याविषयी व धर्माविषयी त्यांचे मत ऐकून घेतले आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळक ते पुस्तक वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांस ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाने केले ते इतकेच: शेजारच्या माणसास माणूस म्हणून वागविले, आणि आपणाजवळ होते ते दिले.

या कथेचा दुसरा भाग आपण बहुधा सांगत नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या घराची दोन शकले झाली. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही आपला धर्म व आपले आचार सांभाळूनच आल्या. त्यांचे मन हळूहळू पालटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या समजुतीने. हे दुःख त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त मोकळ्या मनाने लिहिले आहे. ज्यांच्या घरात पती, पत्नी किंवा आईबाप अद्याप निराळ्या मार्गाने चालतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. घरच्यांस आपली प्रवचने थोडी व आपले वागणे फार दिसते.

आता आमची स्वतःची चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. या उन्हाळ्यात कर्नाळ्याच्या रस्त्याकडेला एक वृद्ध बाई पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसली होती. आम्ही घासाघीस करून दहा रुपये कमी करविले, आणि मग मोठ्या उत्साहाने पिशवीतून शुभवर्तमानाची एक प्रत काढून तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, “बाबा, मला वाचता येत नाय. तुझा देव गरिबाचा भाव पाडायला सांगतो काय?” आम्ही दहा रुपये परत दिले, परंतु ते पुस्तक पुन्हा पुढे करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. उन्हात काट्यांतून एकेक करवंद वेचणाऱ्या त्या हातांकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

ह्यावरून आम्ही शिकलो ते असे:

१. व्यवहार आधी, वाणी मागून. माप, मजुरी, उसनवारी ह्यांत जो खोटा, त्याचे वचन कोणी खरे मानीत नाही.

२. बोलण्यापूर्वी ऐकावे. शेजाऱ्याच्या दुखण्याची विचारपूस न करता त्याच्या आत्म्याची चिंता वाहणे हे ढोंग होय.

३. विचारल्यावर मुके राहू नये. पेत्र सांगतो की आपल्या आशेविषयी उत्तर देण्यास सिद्ध असावे, परंतु सौम्यतेने. दुसऱ्याच्या दैवताची निंदा म्हणजे साक्ष नव्हे.

४. आमिष किंवा धाक दाखवू नये. औषध, धान्य, शाळेची मदत द्यावी ती गरजवंतास, ऐकणाऱ्यास बक्षीस म्हणून नव्हे.

५. फळाचा हिशेब प्रभूवर सोपवावा. गाडीतील सहप्रवाशाने पेरले. कापणीची घटका त्याच्या हाती नव्हती.

करवंदांचे दिवस सरेपर्यंत आम्ही आणखी तीनदा त्या बाईकडे गेलो. तिने सांगितला तो भाव दिला, थोडे बसलो, तिच्या नातवाच्या तापाची हकीकत ऐकली. आमच्या पुस्तकाविषयी तिने काही विचारले नाही. विचारील तेव्हा उत्तर देण्यास प्रभू आम्हांस सिद्ध ठेवो. आणि तिने कधीच न विचारले, तरी करवंदांचा रास्त भाव तिला द्यावयाचाच आहे.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न :

(१) सैन्याने ग्रासलेला मनुष्य बरा झाल्यावर येशूने त्यास आपणाबरोबर न नेता कोणाकडे पाठविले? का?

(२) आपल्या गावात आपण कोणाचे देणे लागतो? ते फेडल्यावाचून त्याच्याशी प्रभूविषयी बोलता येईल काय?

(३) ह्या आठवड्यात कोणा एका शेजाऱ्याचे आपण केवळ ऐकून घ्याल?