आत्ययिक चिकित्सा : निरंतर शिक्षणातील 'योग्या'

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाने सर्व वैद्यांस परिचित आहे. शास्त्राचे पुष्कळ श्रवण केलेला, परंतु प्रत्यक्ष सराव न केलेला शिष्य कर्मास पात्र होत नाही, हा त्याचा मथितार्थ. कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा आणि वस्त्रादिकांच्या मनुष्याकृतीवर बंधनाचा सराव आचार्यांनी तेथे सांगितला आहे. आत्ययिक वैद्यकाच्या निरंतर शिक्षण परिषदांचा विचार करताना आम्हांस या अध्यायाचे स्मरण होते.

भारतात आत्ययिक वैद्यकास स्वतंत्र विशेष शाखा म्हणून 2009 साली मान्यता मिळाली. या शाखेच्या परिषदांत व्याख्यानांच्या जोडीने कार्यशाळांना मोठे स्थान असते. तेथे पुतळ्यावर छातीदाब, श्वासमार्ग मोकळा करणे आदी कर्मे प्रत्येकाकडून करवून घेतली जातात. छातीदाबाची आधुनिक पद्धती 1960 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथून प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी नॉर्वेमध्ये सरावाचा पुतळाही तयार झाला.

एकदा शिकले म्हणजे झाले, असे मात्र नाही. 2005 साली छातीदाब व श्वास यांचे प्रौढांसाठीचे प्रमाण 15:2 ऐवजी 30:2 झाले. 2010 साली क्रम बदलून प्रथम छातीदाब, नंतर श्वासमार्ग व श्वास असा झाला. 2015 साली दाबांची गती मिनिटास 100 ते 120 आणि खोली 5 ते 6 सेंटिमीटर अशी निश्चित झाली. ज्यांचे शिक्षण 2005 पूर्वी संपले, त्यांचे ज्ञान या तिन्ही बाबतींत मागे पडले. शिवाय हाताचे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच मंदावते.

हा प्रश्न केवळ मोठ्या रुग्णालयांचा नव्हे. महाराष्ट्रात 2014 साली सुरू झालेल्या 108 रुग्णवाहिका सेवेत आयुर्वेद पदवीधरांनी मोठा भार वाहिला आहे. चिकित्सालयाच्या बाकावर अथवा औषधालयाच्या दारात एखादी व्यक्ती अकस्मात कोसळली, तर प्रथम हात लावणारे आपणच असतो. अशा वेळी पुढील क्रम सर्वांस मुखोद्गत हवा :

1. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल अथवा केवळ आचके येत असतील, तर हृदय थांबले असे समजावे. आचक्यांस श्वास मानणे ही घातक चूक होय.
2. तत्काळ 108 क्रमांकास कळवावे अथवा दुसऱ्याकडून कळवावे.
3. व्यक्तीस कठीण पृष्ठावर उताणे ठेवून छातीच्या मध्यभागी दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.
4. मुखावाटे पाणी, मात्रा, काढा यांपैकी काहीही देऊ नये.
5. मदत पोहोचेपर्यंत दाब थांबवू नयेत. शक्य असल्यास दर 2 मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी.

आमची सूचना इतकीच की, शाखांनी आपल्या निरंतर शिक्षण सत्रांतील निम्मा वेळ प्रत्यक्ष सरावास द्यावा, औषधालयांतील सहायकांनाही त्यात बसवावे आणि हा पाठ दर 6 महिन्यांनी पुन्हा घ्यावा. उपस्थितीचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. परंतु रुग्णाचे प्राण सरावलेल्या हातांवर अवलंबून असतात.