तंबाखू सोडवणारे च्युइंगम कसे चघळावे?

तंबाखूची पुडी सोडण्यासाठी निकोटीनचे च्युइंगम आणायचे आणि उचकी, मळमळ, जबडेदुखी होताच फेकून पुन्हा पुडी उघडायची, असे यंत्रमागावरील कारागीर बंधूंनी करू नये. दोष बहुधा चघळण्याच्या पद्धतीत असतो. भरभर चघळल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते. म्हणून सावकाश चावावे. चुणचुण लागताच गालात दाबून ठेवावे. ती ओसरली की पुन्हा चावावे. अर्धा तास पुरे. त्याआधी १५ मिनिटे आणि चघळताना चहा घेऊ नये, गुण येत नाही. ४ मिलिग्रॅमने धडधड, चक्कर जाणवल्यास डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅम घ्यावे. सोबत तंबाखू खाल्ल्यास त्रास वाढतो. रमजानमध्ये इफ्तारनंतर, पोटात अन्न गेल्यावरच घ्यावे. कारखानदार बंधूंनी ही माहिती आपल्या कारागिरांना जरूर द्यावी.