दुकानाचे दुसरे दार

(इंटरनेटमुळे लहान दुकानदारालाही दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचता येते. त्यासाठी संकेतस्थळ कसे तयार करावे आणि ते लोकांपर्यंत कसे न्यावे, याची माहिती प्रस्तुत पाठात हिमरू शालींच्या एका दुकानाचे उदाहरण घेऊन दिली आहे.)

बाजारातून जाताना दुकानांवरच्या पाट्या तुम्ही रोज वाचता. पाटी पाहून गिऱ्हाईक आत येते, माल पाहते, भाव विचारते आणि पटले तर खरेदी करते. पण ही पाटी त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच दिसते. नागपूरच्या किंवा लंडनच्या माणसाला ती कशी दिसणार? त्याच्यासाठी दुकानाला आणखी एक दार हवे. ते दार म्हणजे संकेतस्थळ. यालाच आपण वेबसाइट म्हणतो.

ही कल्पना फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत १९८९ साली ती मांडली. १९९१ साली जगातले पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले. १९९३ साली ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरू दिले. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तंत्र सर्वांना खुले झाले, म्हणूनच आज मोठ्या कारखानदाराप्रमाणे एखाद्या विणकरालाही स्वतःचे संकेतस्थळ काढता येते.

आता असे समजा, की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात तुमच्या चाचांचे हिमरू शालींचे छोटे दुकान आहे. हिमरू हे सूत आणि रेशीम यांचे नक्षीदार कापड या शहराची जुनी ओळख आहे. अजिंठा आणि वेरूळची लेणी पाहायला आलेले प्रवासी परत जाताना शाल घेऊन जातात. घरी गेल्यावर बहिणीसाठी आणखी एक शाल घ्यावी असे त्यांना वाटते; पण तोवर दुकानाची पावती हरवलेली असते. एके दिवशी चाचा तुम्हाला म्हणतात, “बेटा, तुला शाळेत संगणक शिकवतात ना? मग आपल्या दुकानाचे संकेतस्थळ करून दे.” तुम्ही कोठून सुरुवात कराल?

प्रथम नाव ठरवा. ते छोटे असावे आणि ऐकून लिहिता यावे. नावाच्या शेवटी ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ असे शेपूट असते. २०१४ सालापासून ‘.भारत’ हे शेपूट देवनागरीतही मिळू लागले. या नावासाठी ठरावीक मुदतीची फी भरावी लागते. मुदत संपली आणि फी भरायची राहिली, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून नावाची नोंद चाचांच्याच नावे करा आणि मुदतीची तारीख दुकानातल्या वहीत लिहून ठेवा.

नाव म्हणजे दुकानाचा पत्ता झाला. आता गाळा हवा. संकेतस्थळाची पाने रात्रंदिवस चालू असणाऱ्या एका संगणकावर ठेवतात. त्याला सर्व्हर म्हणतात. त्यावरची जागा भाड्याने मिळते. पाने तयार करण्यासाठी एचटीएमएल नावाची खुणांची भाषा आहे. ती येत नसली, तरी तयार साचे वापरून काम भागते. बहुतेक लोक मोबाइलवरच पाने उघडतात, म्हणून छायाचित्रे फार जड ठेवू नका. पान उघडायला वेळ लागला, तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाते.

मग माल मांडा. शालीचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढा, म्हणजे रंग खरा दिसेल. पुढची बाजू दाखवा, तशी मागचीही दाखवा. दुकानात गिऱ्हाईक शाल हातात घेऊन पाहते. येथे त्याला फक्त डोळे आहेत. म्हणून लांबी, रुंदी, धागा, किंमत, टपालाचा खर्च आणि धुण्याची रीत, सारे लिहा. दुकानाचे नाव, पत्ता, फोन आणि माल परत घेण्याचे नियमही लिहा. इंटरनेटवर माल विकणाऱ्याने अशी माहिती दिलीच पाहिजे, असे केंद्र सरकारचे २०२० सालचे ग्राहक संरक्षण नियम सांगतात.

तुम्हाला उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांची ओळख आहे. ही फार मोठी पुंजी आहे. दुकानाची माहिती या चारही भाषांत द्या. पण एक काळजी घ्या. पूर्वी अनेक उर्दू वृत्तपत्रे आपली पाने इंटरनेटवर चित्रांच्या रूपात ठेवत. माणसाला ती वाचता येत, पण संगणकाला तो मजकूर शोधता येत नसे. म्हणून उर्दू मजकूर चित्र करून न टाकता अक्षरांतच लिहा आणि ती ओळ उजवीकडून डावीकडे जाते, हे एचटीएमएलमध्ये सांगा.

आता प्रसिद्धीकडे वळू. उर्दूत जिला इश्तिहार म्हणतात, तिला मराठीत जाहिरात म्हणतात. जाहीर करणे हाच तिचा अर्थ. गूगलसारखी शोधयंत्रे एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात, त्यांतले शब्द वाचतात आणि त्यांची सूची करून ठेवतात. म्हणून लोक जे शब्द शोधतील, तेच शब्द पानाच्या शीर्षकात घाला. ‘उत्तम वस्त्रांचे भांडार’ असे लिहिण्यापेक्षा ‘हातमागावरची हिमरू शाल’ असे लिहिले, तर शोधणाऱ्याला दुकान लवकर सापडेल. मात्र एकच शब्द पन्नास वेळा लिहिण्याची युक्ती करू नका. शोधयंत्रे ती ओळखतात आणि असे पान मागे टाकतात. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करा. तिला पैसे पडत नाहीत. संकेतस्थळाचा पत्ता पावतीवर आणि पिशवीवरही छापा, म्हणजे प्रवासी तो घरी घेऊन जाईल.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. “मी पैसे पाठवतो, तुम्ही तुमचा पिन टाका,” असे एखादा अनोळखी गिऱ्हाईक सांगेल. हे ध्यानात ठेवा, की यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो.

इतके सारे झाल्यावर खरी परीक्षा येते. चाचांच्या दुकानात हातमागाच्या शाली थोड्या आहेत आणि यंत्रमागाच्या पुष्कळ. शेजारचा एक दुकानदार म्हणतो, “सगळ्यांखाली हातमागाची असे लिही. चित्र पाहून कोणाला कळणार आहे? दहा खोट्या नावांनी स्तुतीही लिहून टाक.” चाचा तुमच्याकडे पाहतात. बोटे तुमची आहेत. तुम्ही काय लिहाल?

विचार करा. पत्त्याआधी दिसणारे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. दुकानदार खरा आहे, असे ते सांगत नाही. ते तुमच्या शब्दांवरूनच ठरते. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे. पण नियमापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. हातमागावर हिमरू विणणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढे खऱ्या शालीवरही विश्वास ठेवत नाही. मग नुकसान होते ते दिवसेंदिवस मागावर बसलेल्या त्या कारागिराचे.

म्हणून एका शालीखाली ‘हातमाग’ लिहा, दुसरीखाली ‘यंत्रमाग’ लिहा. दोन्हींच्या किमतींत फरक का आहे, तेही सांगा. ज्याला स्वस्त शाल हवी तो ती घेईल, ज्याला हातची हवी तो तिची किंमत देईल. दोघेही पुन्हा येतील आणि दुसऱ्यांना सांगतील. याहून चांगली जाहिरात नाही.

दुकानाचे हे दुसरे दार रात्रीही उघडे असते आणि तेथे चाचा बसलेले नसतात. त्यांच्या जागी तुम्ही लिहिलेले शब्द बसलेले असतात. ते खरे असू द्या.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जगातले पहिले संकेतस्थळ कोणत्या साली खुले झाले?
(आ) संकेतस्थळाची पाने कोठे ठेवतात?
(इ) यूपीआयवर पिन केव्हा लागतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) उर्दू मजकूर चित्राच्या रूपात ठेवू नये.
(आ) खोटे लिहिल्याने कारागिराचे नुकसान होते.

प्र. ३. दुकान, बाजार, शाल, कारागीर, किंमत हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

प्र. ४. तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानाला भेट द्या आणि त्याच्या संकेतस्थळासाठी आठ ओळींचा खरा मजकूर मराठीत तयार करा.