ज्वालामुखीची काच : पारख करूनच व्यवहार करा

काळ्या, चकचकीत ऑब्सिडियनला देशोदेशीचे संग्राहक हौसेने किंमत देतात. हा दगड म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच. जुन्नर, आंबेगावचे सगळे डोंगर लाव्हाचेच. मग ही काच आपल्याकडे का मिळत नाही?

कारण लाव्हाच्या जातीत आहे. ऑब्सिडियनच्या लाव्हात सिलिका साधारण ७० टक्क्यांहून अधिक असते. तो इतका चिकट असतो की, स्फटिक धरण्याआधीच थिजतो. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पातळ लाव्हाचा. त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. त्याचे जाड थर सावकाश निवाले व बारीक स्फटिक धरले. म्हणून ‘जुन्नरचा ऑब्सिडियन’ सांगून कोणी माल दाखविल्यास सावध राहावे.

जुन्नर तालुक्यात ज्वालामुखीची काच आहे, पण राखेच्या रूपात. कुकडीकाठच्या बोरी येथे हा राखेचा थर असून, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक कण दिसतात. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. काही संशोधक तिचे वय सुमारे ७५ हजार वर्षे, तर काही त्याहून कितीतरी अधिक धरतात. तो थर अभ्यासाचा ठेवा आहे, विक्रीचा माल नव्हे.

संग्राहकांना ओढ असते ती रंगछटांची : सोनेरी झाक, इंद्रधनुषी पट्टे, काळ्यावर पांढरी ‘हिमफुले’. खरेदीपूर्वी एवढे पाहावे :

१) भिंगातून गोल बुडबुडे दिसले, तर कारखान्याची काच असण्याचा संशय धरावा.

२) स्वच्छ निळा किंवा भडक हिरवा, आरपार दिसणारा खडा बहुधा कृत्रिमच असतो.

३) काळा अकीक आणि ऑब्सिडियन यांत घोटाळा होतो. अकीकाची कठीणता ७, ऑब्सिडियनची ५ ते साडेपाच. अकीकाने ओरखडा उठेल. मात्र तो साध्या काचेवरही उठतो, हे विसरू नये.

कारागीर बंधूंनी साणेवर पाणी सोडूनच काम करावे. कपच्या वस्तऱ्यासारख्या धारदार असतात; डोळ्यांवर चष्मा हवाच.

आपल्या पाषाणाचा खरा संग्राह्य माल म्हणजे त्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्टिल्बाइट, अपोफिलाइटसारखे स्फटिक. पुण्याजवळील वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर जगभर नावाजले आहे. अशा मालाच्या बिलावर दगडाचे खरे नाव व गाव लिहावे. संग्राहक नमुन्याबरोबर त्याचा ठावठिकाणाही विकत घेतो; तो खोटा निघाला, तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.